शस्त्रक्रियेची तारीख १६ महिन्यांनी मिळालीय, तोवर काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी २४ वर्षांची ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्माला मुलगा म्हणून नोंदलेली स्त्री. बडोद्यात रावपुऱ्याला आई-बाबा आणि आजीबरोबर राहते आणि मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. बाहेरगावच्या एका सरकारी रुग्णालयाने जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी १६ महिन्यांनंतरची तारीख दिलीय. हार्मोन सुरू करण्यासाठी ज्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे नाव घातलंय, त्यांची वेळ चार महिन्यांनी आहे. मधल्या काळात एका मैत्रिणीने मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्यांची पट्टी आणून दिली, ‘मी ह्याच घेते, काही होत नाही’ असं सांगून. पट्टी कपाटात आहे. घरात फक्त आईला माहीत आहे. नंबर लवकर लागावा म्हणून काय करू, आणि तोवर ह्या गोळ्या सुरू करू का, असं तिने विचारलंय.

मी बडोद्यात १९ वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्यासारखा कागद हातात घेऊन माझ्यासमोर बसलेली माणसं मी खूप पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोळ्यांचं आधी सांगते. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. त्या गोळ्या घेऊ नका. गर्भनिरोधक गोळीत बहुतेक वेळा इथिनिल एस्ट्रॅडिऑल नावाचं कृत्रिम स्त्री-हार्मोन असतं. लिंगभावाच्या उपचारांत ते आता वापरत नाहीत, कारण त्याने शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. उपचारात जे एस्ट्रॅडिऑल देतात ते वेगळं. शरीर स्वतः बनवतं तेच ते, आणि रक्त तपासून त्याची पातळी बघता येते. इथिनिल एस्ट्रॅडिऑल त्या नेहमीच्या तपासणीत दिसतच नाही, त्यामुळे शरीरात किती गेलं हे तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरलाही कळत नाही. शिवाय एका गोळीत त्याचं प्रमाण अगदी थोडं असतं. फरक दिसत नाही म्हणून मुली दिवसाला चार-चार, पाच-पाच घ्यायला लागतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. एक मुलगी झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आली. खुर्चीत बसताना तिने डावा पाय सरळच ठेवला. विचारलं तर म्हणाली, बसमध्ये उभी राहून आले, आखडलाय. तिची जीन्स उजव्या पायावर सैल होती आणि डाव्या पोटरीवर इतकी घट्ट, की शिवण ताणली गेली होती. मी ती वर करायला सांगितली तर वर होईना. पोटरीच्या शिरेत गुठळी झाली होती. त्याच दुपारी तिला भरती केलं. रक्त पातळ ठेवायची औषधं पुढे कित्येक महिने चालली. सात महिने ती दिवसाला पाच गोळ्या घेत होती, वर तंबाखू. एकाही डॉक्टरला सांगितलं नव्हतं, कारण ओरडतील. ती बरी झाली. नंतर एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली, त्वचेवाटे द्यायच्या औषधाने तिचे हार्मोन सुरूही झाले. पण मधे सव्वा वर्ष गेलं. रांग टाळायला म्हणून सुरू केलेल्या गोळ्यांनी तिला रांगेपेक्षा लांब नेऊन ठेवलं.

तुमच्या मैत्रिणीला काही झालं नाही हे खरं असेल. बऱ्याच जणींना होत नाही. कुणाला होणार हे मात्र आधी सांगता येत नाही. तिलाही एवढं नक्की सांगा: एकाच पायाला सूज किंवा दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जायचं आणि काय घेतो ते तिथे स्पष्ट सांगायचं.

आता रांगेबद्दल. तुम्ही लिहिलंत, ‘माझा नंबर १६ महिन्यांनी आहे.’ मला तुमच्या मजकुरात एक रांग दिसत नाही, चार दिसतात. हार्मोनच्या डॉक्टरची, शस्त्रक्रियेआधी लागणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या पत्राची, शस्त्रक्रियेची, आणि तुमच्या स्वतःच्या तयारीची. त्यातल्या शेवटच्या रांगेत तुमच्यापुढे कुणीच उभं नाही.

समजा उद्या त्या रुग्णालयातून फोन आला, सोमवारी भरती व्हा. होईल का शस्त्रक्रिया? होणार नाही. या उपचारांसाठी जगभर डब्ल्यूपॅथ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं वापरतात. २०२२ च्या आठव्या आवृत्तीप्रमाणे जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेआधी साधारण सहा महिने हार्मोन झालेले असावेत, ज्यांना हार्मोन नकोत किंवा चालत नाहीत त्यांचा अपवाद सोडून. आधीच्या, सातव्या आवृत्तीत हाच काळ १२ महिने होता. त्यातून योनी तयार करायला जी त्वचा आत वळवायची असते तिच्यावरचे केस आधी कायमचे काढावे लागतात, आणि त्याची सेशन काही आठवड्यांच्या अंतराने कित्येक महिने चालतात. म्हणजे बघा, एंडोक्रायनॉलॉजिस्टसाठी चार महिने आणि नंतर हार्मोनचे सहा, हे झाले दहा. सोळातले दहा महिने तारीख लवकर मिळाली असती तरी लागलेच असते. तुमची खरी अडचण शेवटच्या तारखेची नाही, पहिल्या चार महिन्यांची आहे. सगळा जोर तिथे लावा.

तो कसा लावायचा? एक तर फक्त एकाच डॉक्टरकडे नाव घालून बसू नका. अहमदाबाद गाडीने दोन तासांवर आहे, आणि एका रात्रीच्या प्रवासावर मुंबई. हार्मोन एकदा बसले की पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी लागते, नंतर वर्षातून एक-दोनदा. एवढ्यासाठी प्रवास झेपतो. काही अनुभवी एमडी मेडिसिन डॉक्टरही एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या सल्ल्याने हे उपचार चालवतात, विचारून बघायला हरकत नाही. दुसरं म्हणजे रिसेप्शनवर सांगून ठेवा, कुणी वेळ रद्द केली तर मला तासाभरात बोलवा, मी येते. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत वेळा रिकाम्या होतात, हे मी माझ्याच क्लिनिकमध्ये दरवर्षी बघते.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या भेटीत डॉक्टर बहुधा तपासण्या लिहून देतात आणि ‘रिपोर्ट घेऊन या’ म्हणतात, की पुढची वेळ पुन्हा महिन्याने. तुमच्या फॅमिली डॉक्टरकडून किंवा सरकारी ओपीडीतून त्या तपासण्या आधीच करून घ्या: हिमोग्लोबिन, साखर, लिव्हर, किडनी, पोटॅशियम, लिपिड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, आणि दोन-तीनदा मोजलेलं ब्लडप्रेशर. पोटॅशियम का, तर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम कमी करायला स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर त्याने पोटॅशियम वाढू शकतं. घरात कुणाला गुठळी, पक्षाघात किंवा लहान वयात हार्ट अटॅक आला होता का, हे आईकडून काढून घ्या. मायग्रेन असेल तर लिहून ठेवा. सिगारेट-तंबाखू असेल तर आजच थांबवा. गुठळीच्या धोक्यासाठीही आणि पुढे जखम भरण्यासाठीही.

आणि एक गोष्ट हार्मोन सुरू व्हायच्या आधीच ठरवायची असते. वीर्य गोठवून ठेवायचं का? आज मूल हा विषयसुद्धा नकोसा वाटत असेल, पण हार्मोन सुरू झाल्यावर शुक्राणू कमी होत जातात आणि पूर्ववत होतीलच असं नाही. नको ठरलं तरी चालेल, फक्त ते विचारून ठरलेलं असू दे.

तुमच्या तयारीच्या रांगेत आवाज आणि दाढीही येतात. इस्ट्रोजेनने, म्हणजे स्त्री-हार्मोनने, आवाज बदलत नाही, कितीही वर्षं घेतलं तरी. आवाज बदलतो सरावाने. स्पीच थेरपिस्टकडे काही महिने जा आणि घरी रोज १५-२० मिनिटं सराव करा. दाढीचे केस हार्मोनने विरळ होतात, पण जात नाहीत. त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे केसाचं मूळ विजेने नष्ट करणं. लेझर काळ्या केसांवर चालतं. दोन सेशनच्या मधे केस उपटू नका, फक्त दाढी करा, कारण लेझर मुळाशी असलेल्या केसालाच पकडतं. पगारातून हे हळूहळू होतं आणि यासाठी कुणाच्या पत्राची गरज नाही.

मी हे सगळं प्रौढ ट्रान्स स्त्री समोर ठेवून लिहितेय. ट्रान्स पुरुषांचं गणित वेगळं आहे. छातीची शस्त्रक्रिया हार्मोनवाचून अडत नाही. त्यांच्यापैकी कुणी वाचत असेल तर तोवर बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा, दिवसात आठ तासांच्या आत ठेवा, झोपताना काढा, आणि इलॅस्टिकची पट्टी छातीला कधीही गुंडाळू नका. १८ च्या आतल्या मुलांसाठी मात्र हे लिहिलेलं लागू होत नाही, त्यांनी पालकांसह तज्ज्ञाला भेटावं.

आता माझ्यासारख्यांची रांग. इथे मला एक कबूल करायचंय. सुरुवातीच्या वर्षांत मी पत्र द्यायला आठ-आठ, दहा-दहा महिने लावत असे. घाईत चूक नको, असं मला मनापासून वाटायचं. एक मुलगी त्या काळात दर महिन्याला साडी नेसून माझ्याकडे यायची, निऱ्या नीट, पदराला पिन. पत्र मिळाल्यावर तिने सांगितलं, की घरून ती शर्ट-पँटमध्ये निघायची, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये साडी नेसायची आणि परत जाताना तिथेच उतरवायची. तिला साडी आवडायचीसुद्धा नाही. जीन्स-कुर्त्यात गेले तर डॉक्टर माझं खरं मानणार नाहीत, असं तिला वाटलं होतं. आणि खरं सांगते, तेव्हाच्या मला कदाचित वाटलंही नसतं. तिची आठ महिन्यांची ती धडपड माझ्यामुळे झाली. त्या दिवसापासून मी माझी पद्धत बदलली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणात ठेवलेलाच नाही. मी आता दोन-तीन भेटींत बघते ते एवढंच: ही जाणीव टिकून आहे का, उपचाराने काय होईल, काय होणार नाही आणि काय परत फिरवता येणार नाही हे समजलंय का, आणि दुसरा काही आजार असेल तर तो आटोक्यात आहे का. साडी, बांगड्या, लहानपणी भातुकली खेळलात का, यातलं काही सिद्ध करायला लागत नाही. आठव्या आवृत्तीप्रमाणे प्रौढ व्यक्तीला शस्त्रक्रियेसाठी एक पत्र पुरतं. पण आपल्याकडची बरीच रुग्णालयं अजून दोन मागतात, एक मानसोपचारतज्ज्ञाचं आणि एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. ज्या विभागात शस्त्रक्रिया आहे तिथे जाऊन विचारा: किती पत्रं, कुठल्या नमुन्यात, आणि किती जुनं पत्र चालतं. पत्र फार आधी घेतलं आणि ऐन वेळी ‘जुनं आहे’ म्हटलं, की पुन्हा पहिल्यापासून. आधार, केसपेपर, रिपोर्ट आणि पत्र यांवरचं नाव एकच असू दे. वेगळं असेल तर तसा उल्लेख पत्रात करून घ्या. स्पेलिंगच्या फरकावरून फाइल परत आलेली मी पाहिली आहे. खर्च परवडत नसेल तर सयाजी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी आपल्या गावातच आहे.

उदास वाटतं, मरावंसं वाटतं, हे माझ्यापासून लपवणारे खूप असतात. सांगितलं तर पत्र मिळणार नाही, असं त्यांना वाटतं. तसं नाही. नैराश्यावर उपचार चालू असणं हे पत्राच्या आड येत नाही, लपवलेलं नैराश्य मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या कठीण आठवड्यांत उसळून वर येतं. कधी रात्री डोकं थाऱ्यावर राहिलं नाही तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू, फुकट आणि चोवीस तास. आणि कुणी डॉक्टर ‘यातून तुम्हाला बरं करतो’ म्हणाला तर उठून या. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये असल्या कन्व्हर्जन थेरपीला गैरवर्तन ठरवलंय.

शस्त्रक्रियेच्या रांगेबद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडे देशभराची एक यादी नाही, प्रत्येक रुग्णालयाची आपापली असते, त्यामुळे दोन ठिकाणी नाव घालण्यात काही गैर नाही. एकीकडे झालं की दुसरीकडे कळवा, तेवढी जागा कुणाला तरी मिळेल. सरकारी रुग्णालयात हेच प्लास्टिक सर्जन भाजलेले आणि अपघाताचे रुग्णही बघतात आणि ते आधी घ्यावेच लागतात, म्हणून तारीख एखाद वेळी पुढे जाते. ती गेली तर तुमच्या फाइलमध्ये खोट आहे असं समजू नका. पैशांचं बघायचं तर ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये या उपचारांची सोय सरकारने करावी असं आहे, आणि आयुष्मान भारतच्या ट्रान्स व्यक्तींसाठीच्या टीजी प्लस योजनेचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाला, वर्षाला ५ लाखांच्या संरक्षणाचा. त्यासाठी ट्रान्सजेंडर ओळखपत्र लागतं. ओळखपत्राचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी राष्ट्रीय पोर्टलवर जे लिहिलंय तेच धरा. आणि तुमचं रुग्णालय योजनेत आहे का, हे तिथल्या आयुष्मान काउंटरवर आधीच विचारा.

राहिला तो भाग तुम्ही विचारलाच नाहीत, पण तुमच्या प्रत्येक ओळीत तो होता. तुम्ही लिहिलंत, नोकरी बदलायची होती पण ‘आता सगळं झाल्यावरच’, मैत्रिणींबरोबर राहायला जायचं होतं ते ‘झाल्यावरच’, दात दुखतोय तोही ‘झाल्यावर बघू’. दात तरी या आठवड्यात दाखवा. मी हे हसण्यावारी नेत नाही. वाट बघताना माणूस स्वतःचं सगळंच त्या तारखेपाशी नेऊन ठेवतो आणि मग तारीख एक महिना सरकली की सगळं आयुष्य सरकतं. माझ्याकडच्या ज्या लोकांनी हा काळ बऱ्यापैकी काढला, त्यांनी काही मोठं केलं नव्हतं. त्यांनी आत्ता होण्यासारखं काहीतरी आत्ता केलं होतं.

एकीचं सांगते. नवरात्र आलं की तिला नको व्हायचं. आपल्या बडोद्यात त्या नऊ रात्री कुठे लपणार? सोसायटीत गरबा, रस्त्यावर चनिया-चोळीतल्या मुली, आणि घरचे हिच्यासाठी मुलांचं केडियू काढून ठेवणार. एका वर्षी तिने मंगळबाजारातून ऑक्सिडाइज्ड झुमके घेतले. नऊ रात्री जेवण झालं की खोलीचं दार लावायचं, झुमके घालायचे आणि खिडकीतून येणाऱ्या ढोलावर तीन टाळी. बास, तेवढंच. दहाव्या दिवशी मला म्हणाली, ‘मॅडम, या वर्षी पहिल्यांदा नवरात्र माझ्यासाठी आलं.’ तिचे तेव्हा हार्मोनसुद्धा सुरू झाले नव्हते.

आंघोळीच्या वेळी दिवा बंद ठेवते, आरशाकडे बघवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दिवा बंद ठेवा. त्यात काही चूक नाही. दाढी करायची वेळ सकाळऐवजी रात्री केली तर दिवसाची सुरुवात तिच्यापासून होत नाही, हे मला एका मुलीनेच शिकवलं आणि मी ते तेव्हापासून सगळ्यांना सांगते. टकिंग, म्हणजे जननेंद्रियं मागे दाबून लपवणं, करत असाल तर मधे मधे मोकळं सोडा, चिकटपट्टी थेट त्वचेवर लावू नका.

घरचं तुमच्या आजीवर अवलंबून आहे, बाबांवर आहे, आणि पगार किती आहे यावरही आहे. सांगाच किंवा सांगू नकाच, असं मी इथून म्हणणार नाही. एवढं म्हणेन, आईला एकटी पाडू नका. गेले काही महिने तीही हे गुपित घेऊन फिरतेय, आजीने ‘मुलगी बघू या’ म्हटलं की विषय बदलणारी तीच असणार. एकदा तिला डॉक्टरकडे बरोबर घेऊन जा आणि दहा मिनिटं तिला एकटीला बोलू द्या. आया काय विचारतात माहितीये? ‘हिला दुखेल का हो?’ आणि ‘म्हातारपणी हिला कोण बघेल?’ त्या दोन प्रश्नांना नीट उत्तर मिळालं, की मग बाबांना कधी सांगायचं हे आईच ठरवते, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. आणि तशी वेळ येऊ नये, पण घर सोडावं लागलंच तर रस्त्यावर यायची गरज नाही. ट्रान्स व्यक्तींसाठीचं गरिमा गृह बडोद्यात नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्य ट्रस्टच्या सहकार्याने सुरू झालं. पत्ता आत्ताच माहीत करून ठेवा. घरी कळण्याच्या आधी, नंतर नाही.

या आठवड्यात तीन फोन करा: अहमदाबादला एक, मुंबईला एक आणि आत्ताच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या रिसेप्शनला एक. शनिवारी उपाशीपोटी रक्त तपासायला देऊन या. आणि ती कपाटातली पट्टी फेकू नका, डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या. त्यातल्या एक-दोन गोळ्या घेऊन झाल्या असतील, तुम्ही लिहिलं नसलं तरी, तर तेही पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. चांगला डॉक्टर ओरडणार नाही, पट्टी उलटी करून मागचं नाव वाचेल आणि तारीख विचारेल.